वंशभेद, जातिभेद आणि सांस्कृतिक पूर्वग्रह

वंशभेद हा गोऱ्या-काळ्यांचा, परदेशातला प्रश्न, अशी आपली समजूत असते. पण त्याची व्याख्या तपासायला आपला रायगड जिल्हाच पुरेसा आहे.

चौल हे प्राचीन बंदर. येथे अरब, पोर्तुगीज, बेने इस्रायल असे नाना धर्मांचे लोक वावरले. 'त्यांचे खाणेपिणे, वेष वेगळा, म्हणून ते हलके' असे मानणे हा सांस्कृतिक पूर्वग्रह होय. मग अस्पृश्यता हाही तोच प्रकार काय? महाडचे उत्तर 'नाही' असे आहे. चवदार तळ्यावर परधर्मीयांना पाणी मिळे. मात्र तीच भाषा बोलणाऱ्या अस्पृश्यांना मिळत नसे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांसह त्यांनी ते पाणी प्राशन केले, तेव्हा सनातन्यांनी तळ्याचे 'शुद्धीकरण' केले. बाट संस्कृतीचा नव्हता, जन्माचा होता.

मग जात म्हणजे वंश काय? तेही नाही. अस्पृश्यतेचे मूळ वंशभेदात आहे, ही उपपत्ती बाबासाहेबांनी १९४८ च्या आपल्या ग्रंथात खोडून काढली. परंतु वंशभेदविरोधी आंतरराष्ट्रीय कराराने (१९६५) वंश, वर्ण यांसोबत जन्मकुळावरून होणारा भेदभावही व्याख्येत घेतला. २००१ च्या डर्बन परिषदेत भारत सरकारने जातीचा प्रश्न तेथे आणण्यास विरोध केला. २००२ मध्ये कराराच्या समितीने जात 'जन्मकुळा'त येते, असे स्पष्ट केले.

विद्यार्थ्यांनी कसोटी एकच ठेवावी : माणूस कितीही बदलला तरी जन्माचा शिक्का कायम राहतो काय? सोयरीक जुळवताना पोटजात विचारणाऱ्या आपल्या घरांनाही ती लागू आहे.