बर्फातली वाट आणि कंपास पेटीतला कोनमापक

शहापूरजवळचा माहुली किल्ला तुम्हाला माहीत आहेच. गडावर वाट चुकली तर आपण काय करतो? पायाखाली मळलेली जमीन बघतो, दगडावर रंगवलेला बाण शोधतो, नाहीतर सरळ एखाद्या गुराख्याला विचारतो. आता असा डोंगर डोळ्यांसमोर आणा जिथे यातलं काहीच नाही, नुसता गुडघाभर पांढरा बर्फ.

उत्तराखंडातलं केदारकंठा हे शिखर हिवाळ्यात असंच दिसतं. उंची सुमारे 3800 मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या (1646 मीटर) दुपटीहून जास्त. डिसेंबरात मुंबई-पुण्याचे पुष्कळ तरुण तिथे जातात. एरवी तिथे वाट आहे, पण रात्री ताजा बर्फ पडला की सकाळी ती गायब!

आधी थंडीचं गणित करू. 1000 मीटर वर गेलं की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. दापोड्यात पहाटे 18 अंश आहेत असं धरा. 3.8 गुणिले 6.5 म्हणजे जवळजवळ 25. ते वजा केले की उत्तर येतं उणे 7. हे झालं फक्त उंचीमुळे. उत्तरेकडचा हिवाळा मुळातच कडक, त्यात वारा सुटला की अंगाला आणखी गार लागतं.

पण गंमत अशी, की बर्फावर चालणाऱ्याला हीच थंडी हवी असते. रात्रभर गोठलेला बर्फ टणक असतो, माणसाचं वजन पेलतो. ऊन चढलं की तो भुसभुशीत होतो आणि पाय मांडीपर्यंत आत जातो. म्हणून शिखरासाठी रात्री दोन-तीनला निघतात. पुढचा माणूस बुटाने ठोकून पायरी करतो, मागचे त्याच पायरीत पाय ठेवतात. पुढे चालणं फार दमवतं, म्हणून आळीपाळीने पुढे जायचं. (आपल्या शाळेच्या रांगेतही हा नियम लावायला हरकत नाही!) कडक बर्फावर बुटाला क्रॅम्पॉन, म्हणजे लोखंडी दाते, बांधतात आणि हातात बर्फाची कुऱ्हाड घेतात. घसरलं तर ती बर्फात रोवून थांबायचं.

वाट नसली की उतार आपणच निवडायचा, आणि इथेच जिवाशी गाठ असते. साधारण 30 ते 45 अंशांच्या उतारावर हिमस्खलनाचा धोका सगळ्यात जास्त. त्याहून सपाट जागी बर्फ सहसा सरकत नाही आणि फार उभ्या कड्यावर तो साठतच नाही, थोडाथोडा गळून जातो. मधल्या उतारावर मात्र थरावर थर बसतात. खालचा थर कच्चा असेल तर माणसाच्या वजनाने वरचा अख्खा थर लादीसारखा सुटतो.

4 ऑक्टोबर 2022 ला उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा गट 'द्रौपदी का डांडा' या शिखरावर हिमस्खलनात सापडला. 29 जण गेले. त्यांत प्रशिक्षक सविता कंसवाल होत्या. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांनी 16 दिवसांत एव्हरेस्ट आणि मकालू ही दोन शिखरं सर केली होती. एवढ्या तयारीच्या गिर्यारोहकालाही सुटलेल्या बर्फापुढे काही करता येत नाही. म्हणून ताजा बर्फ भरपूर पडला असेल, पायाखाली पोकळ आवाज आला किंवा तडा पळताना दिसला, तर जाणकार तिथूनच मागे फिरतात. शिखर समोर दिसत असलं तरीही.

आता कंपास पेटी उघडा. कोनमापकाच्या मध्यबिंदूला दोरा बांधून खाली खोडरबर लटकवा. कोनमापक उलटा धरा, म्हणजे सरळ कड वर येईल. ती कड उताराला समांतर धरली की दोरा 90 च्या खुणेपासून जितका सरकेल तितका उताराचा कोन. गिर्यारोहकांचं उतारमापक याच तत्त्वावर चालतं. गावात गोदामाचं बांधकाम चालू असेल तिथे मोठ्या माणसाला सोबत घेऊन कोरड्या वाळूचा ढीग मोजा. 30 ते 35 च्या आसपास येईल. मग त्याच वाळूवर थोडं पाणी शिंपडून पुन्हा ढीग करा. आता तो जास्त उभा का राहिला, आणि सुटलाच तर कसा सुटेल, ते वहीत लिहून आणा.