मुलांच्या काल्पनिक व्यक्तिचित्रांवर अभिप्राय कसा द्यावा?



आपल्या अनेक शाळांत टॅब्लेट येऊन आता काही वर्षे लोटली. त्यांवर मुले धडे पाहतात, कविता ऐकतात. पण मोकळा तास मिळाला की पुष्कळ मुले त्यांवर चित्रे काढू लागतात, हा आपणांपैकी बहुतेकांचा अनुभव असेल. ह्या चित्रांत झोपडी, नदी व डोंगराआडून उगवणारा सूर्य क्वचितच आढळतात. तेथे पंख फुटलेला योद्धा असतो, समुद्रतळाशी राहणारी राणी असते, नाही तर अर्धा माणूस व अर्धा वाघ असा रानाचा राजा असतो. असे चित्र घेऊन मूल आपल्यापुढे येते आणि विचारते, "गुरुजी, कसे झाले आहे?" ह्या प्रश्नाचे उत्तर कसे द्यावे, हा प्रस्तुत पाठाचा विषय होय.

विषय लहान वाटण्याचा संभव आहे, म्हणून स्वतःचा एक प्रमाद सांगतो. नोकरीच्या पहिल्याच वर्षी चौथीतील एका मुलाने पाटीवर गावाच्या वेशीवरील राखणदार काढून मला दाखविला होता. त्याला चार हात होते. मी सहज विचारले, "अरे, माणसाला हात किती असतात?" वर्ग हसला. मुलाने तेथेच पाटी पुसली आणि वर्षअखेरपर्यंत माझ्याकडे पुन्हा एकही चित्र आणले नाही. चतुर्भुज देव आपण घरोघरी पूजितो, हे मला त्या क्षणी आठवले नाही. माझा शेरा शरीरशास्त्रदृष्ट्या बिनचूक होता. परंतु त्या चित्राशी त्याचा काडीमात्र संबंध नव्हता. राखणदाराला चार हात का हवेत, हे विचारले असते तर बहुधा उत्तर मिळाले असते. एका वाक्याने मूल वर्षभर गप्प होते, ही गोष्ट मी त्या दिवशी शिकलो.

१. पाठाचे स्थळ व प्रस्तावना

गेल्या हिवाळ्यात आमच्या किनारपट्टीवरील एका शाळेतील सहावी-सातवीच्या मुलांची सहल मुंबईस गेली असता मी सोबत होतो. दुपारी दादरच्या शिवाजी पार्कवर विसावा होता. हे मैदान मुंबई महानगरपालिकेने १९२५ साली लोकांस खुले केले व १९२७ साली नगरसेविका अवंतिकाबाई गोखले ह्यांच्या सूचनेवरून त्यास आजचे नाव मिळाले. मैदानाभोवती बसावयास सलग कट्टा आहे. त्या कट्ट्यावर बावीस मुले व चार टॅब्लेट घेऊन हा पाठ घेतला.

प्रस्तावनेदाखल मुलांस विचारले, "श्रीशिवछत्रपतींचे चित्र काढावयाचे झाल्यास त्यांच्या हातात काय द्याल?" बहुतेकांनी उत्तर दिले, "तलवार." मग मैदानाच्या कडेला असलेला महाराजांचा अश्वारूढ पुतळा जवळून पाहावयास सांगितले. ह्या पुतळ्यात महाराजांनी तलवार उपसलेली नाही. त्यांचा हात पुढे, दिशा दाखविणारा असा आहे. "मग हे सैन्याला पुढे नेणारे राजे आहेत, हे तुम्हांस कशावरून कळले?" मुले विचारात पडली. एकाने बसण्याच्या ढबीचा उल्लेख केला, दुसरीने मानेचा, तिसऱ्याने "हात जिकडे आहे तिकडे आपणही बघतो" असे सांगितले. व्यक्तीचा स्वभाव शरीराच्या ठेवणीतून व्यक्त होतो, शस्त्रे व दागिने त्यास केवळ साहाय्य करतात, हा आजच्या पाठाचा पहिला मुद्दा मुलांनी स्वतःच काढला.

ज्या शिक्षकांनी बालपणी 'चांदोबा' मासिक वाचले असेल त्यांस राजा विक्रम व वेताळ ह्यांचे चित्र स्मरत असेलच. चित्रकार के. सी. शिवशंकरन् (१९२४-२०२०) ह्यांनी काढलेल्या त्या चित्रात राजाच्या खांद्यावर प्रेत आहे, हातात तलवार आहे आणि पाऊल पुढे पडत आहे. ओझे कितीही झाले तरी हा राजा थांबणार नाही, हे गोष्ट वाचण्यापूर्वीच कळते. काल्पनिक पात्राच्या चित्राकडून आपण अपेक्षा करावयाची ती हीच.

२. विषयविवेचन : दोन चित्रे

पहिले चित्र सातवीतील एका मुलीचे होते. निळसर चेहऱ्याची स्त्री, खारफुटीच्या मुळांसारखे केस, हातात पेटलेला कंदील. मुलांस मते विचारली. एक म्हणाला, "मस्त!" दुसरा म्हणाला, "नाक वाकडे आहे." तिसरीने सांगितले, "केस साधे काढ." तिन्ही अभिप्रायांनी त्या मुलीच्या हाती काहीच पडले नाही, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होते. पहिल्याने काय आवडले ते सांगितले नाही. दुसऱ्याने दोष दाखविला, पण त्याने चित्राचे काय बिघडते ते सांगितले नाही. तिसरीने मैत्रिणीचे चित्र आपल्या आवडीनुसार बदलावयास घेतले.

तेव्हा मी चर्चा थांबवून मुलीस विचारले, "ही कोण आहे? हिला पाहून आम्हांस काय वाटावे?" ती म्हणाली, "ही खाडीची राखणदारीण आहे. रात्री चुकलेल्या होड्यांना वाट दाखवते. लोक तिला भितात, पण ती चांगली आहे." एवढे ऐकल्यावर सर्वांची दृष्टी बदलली. थोड्या वेळाने मागे बसलेला एक अबोल मुलगा म्हणाला, "कंदील तिच्याच हातात आहे, तर उजेड तिच्या तोंडावर का नाही?"

आदर्श अभिप्राय कसा असावा, तर असा. त्यात चित्रातील एका निश्चित जागेकडे बोट आहे, चित्रकर्तीच्या हेतूशी संबंध आहे, आणि उत्तर शोधण्याचे काम तिच्याकडेच ठेवले आहे. मुलीने कंदिलाच्या बाजूचा गाल, हनुवटी व भुवईखालचा भाग ह्यांवर फिकट पिवळा रंग दिला, दूरची बाजू गडद केली; आणि भीतिदायक वाटणारा चेहरा आश्वासक दिसू लागला. नाक जसेच्या तसे होते, पण ते वाकडे आहे असे पुन्हा कोणी म्हणाले नाही.

मी आणखी एक सूचना केली, की भुवया इतक्या तिरप्या नसाव्यात, त्यांमुळे ती रागीट दिसते. मुलगी म्हणाली, "राहू द्या, गुरुजी. जे खाडीत घाण टाकतात त्यांच्यावर ती रागावलेली आहे." मी सूचना मागे घेतली. अभिप्राय नाकारण्याचा अधिकार मुलास असलाच पाहिजे. कारण देऊन नाकारणारे मूल आपल्या चित्राविषयी विचार करीत असते. निमूटपणे ऐकणाऱ्याबद्दल तशी खात्री देता येत नाही.

दुसरे चित्र सहावीतील एका मुलाचे. पंखधारी योद्धा, सहा शस्त्रे, अंगभर चिलखत. मोबाइलवरील एका खेळातील पात्राची ही नक्कल आहे, हे वर्गाने लगेच ओळखले व "चोरलेले आहे" असा गलका झाला. येथे शिक्षकाने सावध राहावे. नकलेतून शिकणे हा चित्रकलेतील जुना मार्ग आहे. मात्र नक्कल हे स्वतःचे चित्र म्हणून दाखवू नये, हेही मुलास स्पष्ट सांगावे. मी विचारले, "ह्यातले तुझे स्वतःचे काय आहे?" बराच वेळ तो बोलला नाही. मग त्याने योद्ध्याच्या कमरेकडे बोट दाखविले. तेथे लाकडी आकडीत अडकविलेली कोयती होती. "आजोबा अशीच लावतात." वर्ग शांत झाला. खेळातील पात्राजवळ नसलेली अशी ती एकच वस्तू होती, आणि सगळ्या चित्रात तीच मन लावून काढलेली होती.

मग संपूर्ण आकृती काळ्या रंगाने भरून पाहण्याचा प्रयोग केला. सहा शस्त्रे व पंख मिळून एक मोठा डाग तेवढा दिसला. कोयती त्यात हरवून गेली. मुलाने स्वतःच पाच शस्त्रे काढून टाकली व योद्ध्याला आजोबांप्रमाणे किंचित वाकून उभे केले. यंत्राला आज्ञा देऊन क्षणार्धात तयार केलेली चित्रेही मुले आता आणू लागली आहेत. त्या वेळीही हाच प्रश्न विचारावा : ह्यातील कोणती निवड तुझी आहे, व का?

३. साधनाचा उपयोग

टॅब्लेटवरील चित्राचे काही गुण अभिप्रायाच्या कामी फार उपयोगी पडतात. संगणकावर चालणाऱ्या 'क्रिटा' ह्या विनामूल्य साधनात व इतर बहुतेक चित्रसाधनांत 'थर' असतात. काचेवर काच ठेवावी तसे हे थर एकावर एक राहतात. शिक्षकास काही रेषा काढून दाखवावयाची झाल्यास ती वेगळ्या थरावर काढावी व दाखवून झाल्यावर तो थर लपवावा. मुलाच्या मूळ थरास शिक्षकाने हात लावू नये. वहीवर लाल शाईने केलेली दुरुस्ती पुसता येत नसे. येथे तशी अडचण उरलेली नाही.

दुसरे असे की, चित्र आरशातल्याप्रमाणे उलटवून पाहता येते. सवयीने न दिसणारा डोळ्यांचा वा खांद्यांचा तिरपेपणा मुलास त्यामुळे आपण होऊन दिसतो. चित्र बोटाच्या पेराएवढे लहान करून पाहिल्यास मुख्य आकृती ओळखू येते की नाही, हेही समजते. मुले डोळे बहुधा कपाळाजवळ काढतात. वस्तुतः ते डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात. हे तोंडी सांगण्यापेक्षा वेगळ्या थरावर एक आडवी रेषा ओढून मुलास मोजावयास सांगावे. प्रत्येक बदलापूर्वीची प्रत जतन करण्याची सवय लावावी, म्हणजे बदल न आवडल्यास मागे जाण्याची वाट मोकळी राहते व मूल प्रयोग करावयास धजते.

४. स्तुती किती करावी?

आम्ही बोलत असता समोर क्रिकेटचा सराव चालला होता. ह्याच मैदानावर रमाकांत आचरेकर (१९३२-२०१९) ह्यांनी अनेक खेळाडू घडविले. डिसेंबर २०२४ मध्ये येथे त्यांचे स्मारकही उभे राहिले. त्यांचे शिष्य सचिन तेंडुलकर ह्यांनी नोव्हेंबर २०१३ मध्ये निरोपाच्या भाषणात सांगितले, की एकोणतीस वर्षांत सरांनी आपणास 'चांगला खेळलास' असे कधीही म्हटले नाही, कारण तसे म्हटल्यास शिष्य सुस्तावेल असे त्यांना वाटे. स्तुतीने मुले बिघडतात असे मानणारे शिक्षक हा दाखला आवर्जून देतात. परंतु त्याच गुरूंनी यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवून, बाद न होता टिकून राहिलास तर ते तुझे, असे शिष्यास सांगितले होते, आणि एका मैदानावरील सामना संपताच त्यास स्कूटरवर बसवून दुसऱ्या मैदानावर नेले होते. स्तुतीचा शब्द त्यांनी आवरला. लक्ष कधीच आवरले नाही. शिष्यासमोर उद्दिष्ट स्पष्ट होते व गुरू पाहत आहेत ह्याची त्यास खात्री होती.

आपल्या वर्गातील मुलास आठवड्यातून जेमतेम एखादा तास मिळतो. त्याचे चित्र आपण खरोखर पाहिले, हे त्यास आपल्या शब्दांतूनच कळणार. म्हणून चित्रातील जे साधले आहे ते नेमके सांगावे. "छान" ह्या शब्दापेक्षा "कंदील धरलेली बोटे घट्ट वाटतात, तो तिच्या हातून पडणार नाही" हे वाक्य मुलास अधिक देऊन जाते, आणि ते खोट्या स्तुतीत मोडत नाही.

५. फलकलेखन

(१) प्रथम चित्रकर्त्यास विचारावे : हे पात्र कोण? पाहणाऱ्यास काय वाटावे?
(२) जे साधले आहे ते जागा दाखवून सांगावे.
(३) हेतूच्या आड येणारी एकच गोष्ट निवडावी व ती प्रश्नाच्या रूपाने मांडावी.
(४) उपाय मुलास शोधू द्यावा. मागितल्यास वेगळ्या थरावर दाखवावा.
(५) सूचना स्वीकारणे वा कारण देऊन नाकारणे मुलावर सोपवावे.
(६) बोलणे चित्राविषयी असावे, मुलाविषयी नसावे. दुसऱ्याच्या चित्राशी तुलना करू नये.

स्वाध्याय

पुढील शिक्षण परिषदेस येताना प्रत्येक शिक्षकाने आपल्या वर्गातील एका काल्पनिक व्यक्तिचित्राच्या दोन प्रती, अभिप्रायापूर्वीची व नंतरची, सोबत आणाव्यात. त्याखाली आपण उच्चारलेली वाक्ये व मुलाने दिलेली उत्तरे जशीच्या तशी लिहावीत. चित्रात फारसा बदल झाला नसला तरी संकोच नसावा. ते मूल दुसरे चित्र घेऊन पुन्हा आपल्याकडे आले का, एवढे मात्र अवश्य नोंदवावे.