कर्मचाऱ्यांची निष्ठा आणि व्यवस्थापक

नोकरी न सोडणे आणि नोकरीवर निष्ठा असणे या दोन भिन्न गोष्टी होत. दुसरीकडे काम मिळत नाही म्हणून टिकून राहिलेला मनुष्य हजेरीपटावर निष्ठावान दिसतो. कामात त्याचे मन नसते. आल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली दाखवून दिले, की असंतुष्ट मनुष्यापुढे दोन मार्ग असतात : निघून जाणे किंवा बोलून दाखवणे. निष्ठा त्याला काही काळ थांबवते आणि बोलण्यास प्रवृत्त करते. म्हणून जेथे तक्रार ऐकू येत नाही, तेथे समाधानच नांदत असेल असे समजू नये.

या विषयाचे एक बोलके उदाहरण महाराष्ट्रात आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत असत. त्यांना मिळावयाची बढती एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला दिली गेली आणि त्यांनी नोकरी सोडली. डावलले जाण्याचा अर्थ त्यांना स्वानुभवाने ठाऊक होता. पुढे बेळगावचा कारखाना हलवणे भाग पडले, तेव्हा औंध संस्थानच्या अधिपतींनी दिलेल्या निवडुंगाने भरलेल्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. बेळगावचे काही कामगार आपल्या कुटुंबांसह त्या ओसाड जागी गेले.

तेथे माणसे कशी निवडली गेली, हे पाहण्यासारखे आहे. शिक्षा भोगून आलेल्यांना लक्ष्मणरावांनी रात्रीच्या पहाऱ्याचे काम दिले. शाळेत न रमलेले अनंतराव फळणीकर कारखान्यात कल्पक यंत्रज्ञ ठरले. वसाहतीची व्यवस्था रामुअण्णांकडे, तर हिशेब मंगेशराव रेगे यांच्याकडे होते. वसाहतीत अस्पृश्यता पाळण्यास मनाई होती. विश्वास प्रथम मालकाने टाकला. निष्ठा त्यामागून आली. हा क्रम उलटा करू पाहणारा व्यवस्थापक बहुधा फसतो.

फ्रेडरिक हर्झबर्ग व त्यांचे सहकारी यांनी १९५९ साली अभियंते आणि हिशेबनीस यांच्या मुलाखतींवरून असाच भेद मांडला. वेतन, देखरेख, कामाच्या ठिकाणची परिस्थिती यांत उणेपणा असला की असंतोष वाढतो. तो दूर केल्याने मात्र आपोआप उत्साह येत नाही. उत्साह येतो तो साध्य झालेल्या कामातून, त्याच्या कदरीतून आणि अंगावर पडलेल्या जबाबदारीतून. अर्थात अपुऱ्या वेतनाची भरपाई शाबासकीने होते, असा याचा अर्थ नव्हे.

मालकाने वसवलेल्या वसाहतीला एक मर्यादाही असते. काम आणि घर एकाच हातून मिळत असेल, तर त्या हाताविरुद्ध बोलणे कठीण जाते. कृतज्ञतेचे ओझे निष्ठेसारखे भासू लागते. म्हणून मायेच्या जोडीला निश्चित नियम आणि निर्भयपणे गाऱ्हाणे मांडण्याची सोय हवी.

आजच्या शहरी कार्यालयाचे चित्र वेगळे आहे. जयपूरच्या सी-स्कीमसारख्या भागात बँका, विमा कंपन्या आणि खासगी कचेऱ्या शेजारी शेजारी आहेत. कर्मचारी सायंकाळी आपल्या घरी परततो आणि हाती कौशल्य असेल तर रस्त्यापलीकडच्या कचेरीतही त्याला जागा मिळू शकते. त्याला माळरानावर बांधून ठेवणारे काही नाही. अशा व्यवस्थापकापाशी साधने थोडी, पण ती स्वतःच्या हातातली आहेत : माणसाला झेपेल त्याहून किंचित मोठे काम सोपवणे, केलेल्या कामाचे श्रेय त्याच्याच नावे मांडणे, बढतीचे निकष आधी सांगणे आणि अप्रिय बोल शांतपणे ऐकून घेणे. कर्मचारी जाताना कारण सांगतो, ते बहुधा फार उशिरा कळलेले असते. तो असतानाच ते विचारले जावे.