धुण्याच्या पाण्यातून समुद्राच्या तळापर्यंत

प्लास्टिक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पिशव्या आणि बाटल्या येतात. पण आपल्या अंगावरचे कपडेही पुष्कळदा प्लास्टिकचेच असतात. पॉलिस्टर, नायलॉन आणि अ‍ॅक्रिलिक हे धागे खनिज तेलापासून बनतात. मुलांच्या टेरिकॉटच्या गणवेशात कापसाबरोबर पॉलिस्टर असते. स्वस्त स्वेटर बहुधा अ‍ॅक्रिलिकचे असतात.

असे कपडे धुताना त्यांचे केसाहूनही बारीक तंतू तुटून पाण्यात जातात. इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये हे तंतू मोजले. मशीनमध्ये धुतलेल्या ६ किलो अ‍ॅक्रिलिक कपड्यांतून एका धुण्यात ७ लाखांहून अधिक तंतू सुटू शकतात, असे त्यांना आढळले.

हे पाणी मोरीतून गटारात, नाल्यातून नदीत आणि शेवटी समुद्रात जाते. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात बरेच तंतू अडतात. जिथे केंद्रच नाही तिथे काहीच अडत नाही. पुढे सागरी प्रवाह ते दूरवर नेतात. उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रातील सूक्ष्म प्लास्टिकची तपासणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात दर १०० कणांमागे सुमारे ९२ तंतूच होते आणि त्यांत सर्वाधिक पॉलिस्टरचे. प्रशांत महासागराच्या सर्वांत खोल दऱ्यांतील कोळंबीसारखे ९० जीव तपासले, तेव्हा ६५ जणांच्या पोटात असे कण निघाले. जिथे माणसाची वस्ती नाही, तिथेही आपले कपडे पोहोचले आहेत.

आरोग्याशी याचा संबंध काय? हे तंतू घरातल्या धुळीतही असतात आणि श्वासातून आत जातात. नायलॉनचा बारीक भुसा उडणाऱ्या कारखान्यांतील कामगारांना फुफ्फुसाचा आजार झाल्याची नोंद वैद्यकशास्त्रात आहे. नेदरलँड्समध्ये २०२२ साली २२ जणांचे रक्त तपासले. १७ जणांच्या रक्तात प्लास्टिकचे कण सापडले. घाबरून जाऊ नये, पण काळजी घ्यावी.

आपल्या हातात असलेल्या गोष्टी सोप्या आहेत. मळला नसेल तर कपडा उगाच धुवू नये. थंड पाणी वापरावे. हाताने धुताना ब्रशने जोरात खरडू नये. मशीन असेल तर ती पुरेशी भरूनच चालवावी. मशीनच्या जाळीत साठलेला लगदा मोरीत न धुता कचऱ्याच्या डब्यात टाकावा. घर झाडण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसावे. फाटके पॉलिस्टर कपडे चुलीत कधीही जाळू नयेत. तो धूर विषारी असतो. नवा कपडा पहिल्या काही धुण्यांत अधिक तंतू सोडतो, म्हणून कपडा शिवून, सांधून जास्त दिवस वापरणे हेही समुद्र वाचवणेच आहे.

मात्र हा दोष धुणे धुणाऱ्या बाईचा नाही. हाताने धुतल्यावर मशीनपेक्षा कमी तंतू सुटतात. तंतू कमी सोडणारे कापड बनवणे हे कारखानदारांचे काम आहे आणि वस्तीचे सांडपाणी शुद्ध करून सोडणे हे नगरपालिकेचे. वस्तीच्या पुढच्या बैठकीत आपण एवढे तरी विचारू या: आपल्या गटाराचे पाणी शेवटी जाते कुठे?