गाडीवरची जाळी

मंडळी, पूर्वी आपण कडबा बैलगाडीतून आणत होतो. गाडी भरली की वरून नाडा टाकायचा. दोघांनी दोन्हीकडून ओढून तो आवळायचा. मगच बैल हाकायचे. नाडा आवळल्याशिवाय जाणता माणूस गाडी हलवत नसे.

आता बैलगाडीचे पुष्कळसे काम पिकअप करते. बैलगाडी तासाला ४-५ किलोमीटर चालते. पिकअप ५०-६० किलोमीटर धावते. वेग वाढला, तशी बांधणीही पक्की व्हायला हवी. पण आपण उलटे करतो. "इथं तर जायचंय!" असे म्हणतो आणि सामान तसेच हौद्यात टाकतो.

एक प्रसंग

पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगाव आहे. तेथे टोमॅटोचा मोठा बाजार भरतो. शेतकरी भरलेले क्रेट घेऊन जातात आणि रिकामे क्रेट घेऊन परत येतात. क्रेटला कुणी कॅरेटही म्हणतात. भरलेल्या क्रेटमध्ये सुमारे २० किलो माल असतो. रिकामा क्रेट जेमतेम दीड-दोन किलोचा असतो.

एकदा आम्ही त्या रस्त्याने येत होतो. पुढे एक पिकअप होती. तिच्यात रिकामे क्रेट उंच रचले होते. वरून फक्त एक सुतळी आडवी बांधली होती. उतारावर गाडीने वेग घेतला. वारा क्रेटमध्ये शिरला आणि सुतळी तुटली. तीन क्रेट उडून रस्त्यावर आले.

मागून मोटरसायकलवर नवराबायको येत होती. क्रेट चुकवायला त्याने गाडी वळवली. गाडी घसरली. त्याचे मनगट मोडले. बाईंचा गुडघा फुटला.

पुढे गेलेला पिकअपवाला परत आला. तो भला माणूस होता. त्याचा चेहरा उतरला होता. तो म्हणाला, "रिकामे होते हो दादा. वजनच नव्हतं. म्हणून नीट बांधलं नाही."

'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' अशी आपली म्हण आहे. इथे उलटे झाले. चूक पुढच्याची आणि ठेच मागच्याला!

हलके आणि जड

त्या भावाची समजूत चुकीची होती. हलक्या सामानालाही बांधणी लागते. फक्त तिची तऱ्हा वेगळी असते.

हलके सामान वाऱ्याने उडते. रिकामे क्रेट, रिकामी पोती, ठिबकच्या नळ्या हे सारे हलके सामान. त्याला वरून सगळीकडे झाकणारी जाळी हवी.

जड सामान ब्रेकमुळे सरकते. एसटीने एकदम ब्रेक मारला की उभा माणूस पुढे झुकतो. सामानाचेही तसेच होते. जोराचा ब्रेक लागला तर सामान आपल्या वजनाच्या पाऊणपट जोराने पुढे ओढ घेऊ शकते. म्हणजे ४० किलोची पाण्याची मोटर ३० किलोच्या जोराने पुढे जाऊ पाहते. ती एकट्या जाळीने थांबत नाही. तिला पट्टा किंवा जाड दोर हवा.

एवढे ध्यानात ठेवा: हलक्याला जाळी, जडाला पट्टा. दोन्ही सामान असेल तर आधी पट्टा आवळा, मग वरून जाळी टाका.

जाळी घेताना चार गोष्टी पाहा

१. माप. दुकानात जाण्याआधी टेपने हौदा मोजा आणि कागदावर लिहून घ्या. समजा, हौदा ८ फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद आहे. माल फाळक्याच्या वर २ फूट येतो. जाळी अडकवायचे हूक फाळक्याच्या काठापासून १ फूट खाली आहेत. म्हणजे प्रत्येक बाजूला जाळी ३ फूट खाली उतरायला हवी.

लांबी : ८ + ३ + ३ = १४ फूट
रुंदी : साडेपाच + ३ + ३ = साडेअकरा फूट

८ फुटांचा हौदा म्हणून ८ फुटांची जाळी आणली तर ती हुकांपर्यंत पोचणार नाही. रबराची जाळी ताणते, म्हणून ती मापापेक्षा थोडी लहान चालते. दोरीची जाळी लहान घेऊ नका.

२. घर. जाळीच्या भोकाला आपण घर म्हणू. सामानातली सर्वात लहान वस्तू घरातून बाहेर पडता कामा नये. क्रेटला ४ इंचांचे घर चालते. खुरपी, विळे, पाने यांना ते चालणार नाही. अशा वस्तू आधी पोत्यात घाला आणि पोत्याचे तोंड बांधा. भुसा असेल तर आधी ताडपत्री घाला. जाळी ताडपत्रीच्या वर.

३. धागा. नायलॉनचा धागा मजबूत असतो, पण भिजला की सैल पडतो. पावसात थांबून तो पुन्हा आवळावा लागतो. पॉलिस्टरचा धागा कमी ताणतो आणि उन्हात जास्त टिकतो. साध्या प्लास्टिकची दोरी स्वस्त मिळते, पण ती उन्हाने लवकर कमजोर होते. जुन्या दोरीवर नख घासून पाहा. भुगा पडला तर ती दोरी गाडीसाठी वापरू नका. जाळीच्या चारही काठांना जाड दोर ओवलेला आहे ना, तेही पाहा. सारा ताण त्या काठावर येतो.

४. हूक. हूक लोखंडी आणि जाड असावा. त्याचे तोंड मिटणारे असेल तर फार चांगले. खड्ड्यात गाडी आदळली तरी तो निसटत नाही. रबराच्या जाळीचा हूक जपून लावा. तो हातातून सुटला तर गोफणीच्या दगडासारखा येतो. त्याने डोळा जाऊ शकतो. लावताना तोंड बाजूला ठेवा. रबर पार शेवटपर्यंत ताणू नका.

पट्टा घेताना त्यावर शिवलेली चिठ्ठी पाहा. खटक्याने आवळायच्या पट्ट्याला दुकानदार रॅचेट बेल्ट म्हणतो. त्याच्या चिठ्ठीवर कधी दोन आकडे असतात. मोठा आकडा पट्टा तुटण्याचा असतो. लहान आकडा कामाचा असतो. लहान आकडाच धरा. आता तुम्हाला वाचता येते. चिठ्ठीवरचे शब्द अनोळखी असले तर दुकानदाराला विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

बांधायचे कसे

जड सामान खाली ठेवा आणि केबिनच्या भिंतीला टेकवा. मध्ये मोकळी जागा ठेवू नका. हलके सामान वर रचा. पट्टा धारदार कडेवरून जात असेल तर खाली गोणपाटाची घडी घाला. नाहीतर पट्टा कापला जातो. जाळी चारही कोपऱ्यांना आणि मधल्या हुकांना अडकवा. मग हाताने हलवून पाहा. सामान हलले तर पुन्हा आवळा. थोडे अंतर गेल्यावर एकदा थांबा आणि पुन्हा पाहा. खड्ड्यांनी माल खाली बसतो आणि बांधणी सैल होते.

माल हौद्याच्या बाहेर काढू नका. फार उंचही रचू नका. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात बदल झाला. ठरवून दिलेल्या हद्दीबाहेर माल गेला तर २०,००० रुपये दंड आहे. वर माल उतरवण्याचा खर्चही द्यावा लागतो.

आणखी एक. मजुरांना मालावर बसवू नका. "जाळी आहे, धरून बसा" असे म्हणू नका. जाळी क्रेटसाठी आहे, माणसांसाठी नाही.

जाळीला पैसे पडतात, हे खरे. बांधायला वेळही लागतो. पण मागून येणारा कुणाचा तरी मुलगा असतो, कुणाची तरी लेक असते. उद्या मागच्या गाडीवर आपणच असू. म्हणून गाडी सुरू करण्याआधी एकदा मागे जाऊन बांधणी पाहावी. आपल्या वडीलधाऱ्यांची नाडा आवळण्याची रीत पिकअपवरही चालू ठेवू या.

प्रश्न

१. रिकामे क्रेट का उडाले?
२. जड सामानाला नुसती जाळी का पुरत नाही?
३. हौदा ७ फूट लांब आहे. जाळी दोन्ही टोकांना २-२ फूट खाली उतरायला हवी. जाळीची लांबी किती घ्याल?
४. तुमच्या घरची जुनी दोरी नखाने घासून पाहा. काय दिसले ते दोन ओळींत लिहा.