चप्पल 'लिस्टमध्ये' होती

पायाची करंगळी कापायला विम्याने पैसे दिले, उरलेली बोटं वाचवणाऱ्या चपलेला दिले नाहीत. आमच्या ह्यांचा पाय गाणगापुरात पोळला. भर वैशाखात संगमावरून देवळापर्यंत अनवाणी चालले आणि मधुमेहाने बधिर झालेल्या तळव्याला पत्ताच लागला नाही. पुढचं सांगत बसत नाही. कलबुर्गीच्या दवाखान्यातून निघताना डॉक्टरांनी एमसीआर रबराची, मापाची चप्पल लिहून दिली.

विम्याचा एजंट आमच्या भालकीचाच, हप्त्याच्या दिवशी घरी हजर. त्याला फोन केला. "डायबेटिक चप्पल लिस्टमध्ये हाय की काकू, टेन्शन घेऊ नका."

मग कंपनीचं इंग्रजी पत्र आलं, ते भाच्याने वाचून दाखवलं. लिस्ट खरी होती आणि चप्पलही तिच्यात होती, ६८ वस्तूंमध्ये ४४ वी, गुडघ्याच्या पट्ट्याच्या अलीकडे. फक्त ती यादी पैसे न द्यायच्या वस्तूंची! विमा नियामकाच्याच नमुन्यातली. मी पुन्हा फोन लावला, तर हा म्हणतो, "लिस्टमध्ये हाय म्हटलो, मिळते कुठं म्हटलो?"

अमेरिकेत म्हाताऱ्यांच्या सरकारी विम्यातून, मेडिकेअरमधून, धोक्यातल्या मधुमेहींना १९९३ पासून वर्षाला एक जोड मिळतो. लांब कशाला, आपल्याकडेही कुष्ठरुग्णांना सरकार हीच एमसीआर चप्पल फुकट देतं, आणि द्यायलाच हवी. पण पाय साखरेने बधिर झाला, तर पदरचे पैसे मोजा.

पॉलिसी घेण्याआधी 'नॉन-पेएबल' यादी मागा. एजंटाचं उत्तर तोंडी नको, व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. 'कन्झ्युमेबल्स'चा रायडर विकत असेल, तर घरी वापरायची चप्पल त्यात बसते का, की फक्त दवाखान्यात वापरलेलं सामान, हे नेमकं विचारा. घरी आल्यावरचं ड्रेसिंग आणि औषधं बहुतेक पॉलिसींत ठरावीक दिवस मिळतात. ती बिलं चपलेच्या बिलासोबत पाठवू नका. आमची एकत्र गेली आणि चपलेपायी ड्रेसिंगचेही पैसे अडकले. कंपनीकडे लेखी तक्रार करा, पोच ठेवा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर विमा लोकपाल आहेत, आपल्या कर्नाटकासाठी बेंगळुरूचे. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही. लोकपालांचं नाव काढल्यावर आमचे ड्रेसिंगचे पैसे सुटले. चपलेसाठी मात्र तिथे जाऊन उपयोग नाही, यादी पॉलिसीच्या मागे छापलेलीच असते, मुंगीएवढ्या अक्षरांत.

साखर सांभाळा, पाय रोज बघा, हे सगळेच सांगतात. एजंट आता रिन्यूअलसाठी फोन करतोय. लिस्ट घेऊन ये, म्हटलंय.