रुळांखालची खडी

पूर्णा जंक्शनहून अकोल्याकडे जाणारा लोहमार्ग वसमत व हिंगोली या गावांवरून जातो. तो पूर्वी मीटरमापी होता. २००८ साली रुंदमापी झाला. स्थानकावर गाडीची वाट पाहणारा मनुष्य रुळांकडे पाहतो. त्यांखालच्या काळ्या खडीकडे मात्र त्याचे क्वचितच लक्ष जाते. वस्तुतः गाडीचा सारा भार हिच्याच माथी येतो.

हिंगोली जिल्ह्यात काळी माती पुष्कळ. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर स्लीपर नुसतेच टेकवले, तर एका पावसाळ्यातच रूळ वाकडेतिकडे होतील. म्हणून स्लीपरांखाली २५ ते ३० सेंटिमीटर जाडीचा खडीचा थर घालतात. तो भार विस्तृत जागेवर पसरवतो, पाण्याला वाट देतो आणि स्लीपर जागच्या जागी धरून ठेवतो. नदीतले गुळगुळीत गोटे या कामाचे नाहीत. ते एकमेकांवरून घसरतात. फोडलेल्या दगडांचे कंगोरे मात्र परस्परांत अडकून बसतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून बनलेला दख्खनचा काळा पाषाण यासाठी उत्तम.

मग इतका कठीण दगड तुटतो कसा? मालगाडीच्या एका आसावर २० टनांहून अधिक भार असू शकतो. खडीतील दगड एकमेकांस सर्वांगाने चिकटलेले नसतात. थोड्याशा बिंदूंपाशीच टेकलेले असतात. सारा भार त्या इवल्या बिंदूंतून पुढे सरकतो. शिवाय तो सर्वांच्या वाट्यास सारखा येत नाही. या दगडाकडून त्या दगडाकडे अशा भाराच्या साखळ्या तयार होतात. साखळीतला दगड चेपला जातो, तर त्याचा शेजारी जवळजवळ मोकळा असतो! पारदर्शक चकत्या एकत्र रचून दाबल्या व विशिष्ट प्रकाशात पाहिल्या, तर या साखळ्या उजळलेल्या दिसतात.

चेपलेला दगड दर वेळी दुभंगतोच असे नाही. बहुधा त्याचे टोक निखळते, कोपरा झिजतो. दुभंगलाच, तर तो आतील एखाद्या जुन्या चिरेपाशी. लहान तुकड्यात अशा चिरा कमी असतात, म्हणून आकाराच्या मानाने तोच अधिक चिवट ठरतो.

एका गाडीने काही बिघडत नाही. हजारो चाके गेल्यावर दगड गोलसर होतात आणि त्यांचा भुगा फटींत साचतो. मग पावसाचे पाणी तुंबते, भुग्याचा चिखल होतो. चाक आले की स्लीपर खाली दबतो व चिखल वर उसळतो. रूळ एका जागी जरी खचला, तरी वेगात येणाऱ्या गाडीतील शेकडो प्रवाशांच्या जिवाला धोका असतो.

यासाठी खडी ठोकून स्लीपरांखाली पुन्हा घट्ट बसवतात. पूर्वी हे कष्टाचे काम गँगमन हातांनी करीत. आता बहुतेक ठिकाणी यंत्रे करतात. पण या ठोकण्यानेही दगडांचे काही कोपरे तुटतातच! अखेर खडी उपसून चाळावी लागते. भुगा बाजूस टाकून चांगला दगड परत घालतात आणि उणी पडलेली खडी नवीन आणून भरतात. अशी जागा वेळीच सापडावी म्हणून रेल्वेचा कीमन रोज रुळांच्या कडेने पायी चालतो. एखाद्या स्लीपराभोवती चिखलाचा डाग दिसला, की तो तेथे थांबतो.